थ्रॉम्बिन आणि व्रण घडवणाऱ्या पेशी

[दृश्य: धंतोली, नागपूर. औषधाच्या दुकानाचा काउंटर.]

धंतोलीत दवाखाने आणि औषधांची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. वॉरफरिन, डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबान ही रक्त पातळ करणारी औषधं इथून रोज जातात. कुणाला पक्षाघात टळावा म्हणून, कुणाच्या पायातली गुठळी वाढू नये म्हणून. फायब्रोसिसचे, म्हणजे अवयवात व्रणासारखी कडक ऊती साचण्याच्या आजाराचे अभ्यासक याच औषधांकडे वेगळ्या कारणाने बघतात.

रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन फायब्रिनचं जाळं तयार करून थांबत नाही. व्रण घडवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशीवरचा पार-१ हा ग्राहकही (बाहेरचा संदेश घेणारं प्रथिन) ते कापतं. कापल्यावर उघडं पडलेलं टोक त्याच ग्राहकात जाऊन बसतं आणि तो चालू होतो. पेशीत आकुंचनाचं अ‍ॅक्टिन वाढतं, बाहेर कोलॅजन, म्हणजे व्रणाचं तंतुमय प्रथिन, साचतं. यकृतात हा उद्योग स्टेलेट पेशींचा. डॅबिगॅट्रान थ्रॉम्बिनची कापणारी जागाच अडवतं.

[दृश्य: प्रयोगशाळा. पेशींच्या बशा.]

बशीत हे तपासताना पेशी आधी २४ तास सीरमशिवाय ठेवतात, कारण सीरम गोठलेल्या रक्तातूनच निघतं आणि त्यात थ्रॉम्बिनचा अंश असू शकतो. नंतर औषध, मग थ्रॉम्बिन. कॅप्सूल फोडून भुकटी टाकणं फुकट: तिच्यातलं डॅबिगॅट्रान इटेक्झिलेट शरीरातल्या एस्टरेज विकरांनी तुटल्यावरच कामाला येतं. हेपॅरिन या दुसऱ्या औषधाला तर रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिन प्रथिनाची जोड लागते, आणि सीरमशिवायच्या द्रावात ते नसतंच. वर हेपॅरिनचे अंश पीसीआर ही जनुकांचं काम मोजणारी चाचणी बिघडवतात. कोलॅजनच्या जनुकाचा आकडा घसरला म्हणून लगेच खूश होऊ नये. कडक प्लास्टिकवर पेशी आपोआपच व्रणाच्या वळणावर जातात, तेव्हा थ्रॉम्बिन न दिलेली बशी शेजारी हवीच.

खरी कसोटी पार-१ थेट चालू करणाऱ्या पेप्टाइडची, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्याची. त्याला थ्रॉम्बिनची गरज नाही, म्हणून डॅबिगॅट्रानने ते अडायला नको. अडलं, तर आधी पेशी मरतायत का ते बघा.

[दृश्य: छातीचा सीटी स्कॅन.]

माणसांवरचे निकाल मात्र दोन टोकांचे. २०१२ मध्ये सिरॉसिसच्या (यकृताच्या बळावलेल्या फायब्रोसिसच्या) ७० रुग्णांच्या चाचणीत एका गटाला ४८ आठवडे रोज ४,००० युनिट एनॉक्सापॅरिन, म्हणजे हेपॅरिनचाच एक प्रकार, दिलं. त्या गटात यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतल्या गुठळ्या टळल्या, आजार बळावणंही लांबलं. त्याच वर्षी फुप्फुसाच्या फायब्रोसिसवरची वॉरफरिनची चाचणी मध्येच थांबवावी लागली: १४५ रुग्णांत वॉरफरिन गटात १४ मृत्यू, दुसऱ्या गटात ३. वॉरफरिन रक्तातलं संरक्षक प्रथिन ‘प्रोटीन सी’ सुद्धा घटवतं, हे एक संभाव्य कारण.

फुप्फुसाच्या फायब्रोसिसला आज पिरफेनिडोन किंवा निंटेडानिब देतात. निंटेडानिबने स्वतःच रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो. जोडीला रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर हिरड्यांतून रक्त किंवा काळी शौच दिसताच डॉक्टरांना कळवायचं.