एका रंगाखालच्या भाषा

(पडद्यावर जगाचा नकाशा. स्पॅनिश ही राजभाषा असलेले देश एका रंगात उजळतात.)

मेक्सिकोपासून खाली उतरत थेट अर्जेंटिनाच्या टोकापर्यंत एकच रंग. मध्ये ब्राझील आणि काही छोटे प्रदेश तेवढे वेगळे. वर युरोपात स्पेन. आणि आफ्रिकेच्या बगलेत, नीट पाहिलं नाही तर नजरेतून सुटेल असा एक ठिपका. स्पॅनिश ही राजभाषा असलेले हे वीस देश. पोर्तो रिको धरलं तर एकवीस, पण ते अमेरिकेच्या अखत्यारीतलं बेट आहे, सार्वभौम देश नाही.

शाळेच्या पुस्तकात हा नकाशा इथेच संपतो. आपण मात्र त्या रंगाखाली काय आहे ते पाहणार आहोत. कारण कुठल्याही भाषेला राजभाषेचा दर्जा कुणीतरी, कधीतरी, काहीतरी हेतू धरून दिलेला असतो. आणि त्या दर्जाच्या आडोशाला लोकांच्या घरातल्या भाषा जगत असतात, नाहीतर मरत असतात.

सुरुवात मेक्सिकोपासून करू. जगात सर्वांत जास्त स्पॅनिश भाषक याच देशात आहेत. लोकसंख्या तेरा कोटींच्या घरात. तरीही मेक्सिकोच्या राज्यघटनेत ‘आमची राजभाषा स्पॅनिश’ असं वाक्य शोधून सापडणार नाही. अर्जेंटिना, चिली आणि उरुग्वे यांच्या घटनांतही नाही. कायदे स्पॅनिशमध्ये, कोर्टकचेऱ्या स्पॅनिशमध्ये, शाळा स्पॅनिशमध्ये. लिहून ठेवायची गरजच कुणाला वाटली नाही. मेक्सिकोनं २००३ साली भाषेचा कायदा केला तो मूलनिवासींच्या भाषांसाठी. या भाषाही स्पॅनिशइतक्याच ‘राष्ट्रीय भाषा’ आहेत, असं त्यात म्हटलं आहे. सरकारी सूचीत अशा ६८ भाषांची नोंद आहे.

(पडद्यावर जुनी हस्तलिखितं, मिशनऱ्यांची चित्रं.)

स्पेनचे लोक आले आणि त्यांनी आल्या आल्या आपली भाषा लादली, असा आपला सर्वसाधारण समज असतो. घडलं ते जास्त गुंतागुंतीचं होतं. धर्मप्रसार करायचा तर लोकांच्या भाषेतच करावा लागतो, हे पाद्र्यांनी लवकर ओळखलं. ते मेक्सिकोतली नाहुआत्ल शिकले, अँडीज पर्वतातली केचुआ शिकले, त्यांची व्याकरणं आणि शब्दकोश त्यांनी तयार केले. १५९६ साली वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या मंडळानं सगळ्यांवर स्पॅनिशची सक्ती करावी असा प्रस्ताव ठेवला, तेव्हा राजा दुसरा फिलिप यानं तो फेटाळला. लोकांना त्यांची स्वाभाविक भाषा सोडायला भाग पाडणं योग्य दिसत नाही, असं त्याचं उत्तर होतं. ज्यांना शिकायची असेल त्यांच्यासाठी शिक्षक नेमा, एवढंच त्यानं सांगितलं.

पुढे वारं फिरलं. १७७० साली तिसऱ्या कार्लोसनं फर्मान काढलं, त्यात वसाहतींमधल्या निरनिराळ्या भाषा एकदाच्या संपाव्यात, असा उद्देश उघडपणे लिहिलेला आहे. पण फर्मानानं भाषा संपत नसते. एकोणिसाव्या शतकात हे देश एकामागून एक स्वतंत्र झाले, तेव्हाही त्यांतले असंख्य लोक घरात स्पॅनिश बोलत नव्हते. खेड्यापाड्यांत स्पॅनिश खऱ्या अर्थानं पोहोचवली ती स्वतंत्र प्रजासत्ताकांनी. त्यांच्या शाळांनी, त्यांच्या सैन्यभरतीनं, त्यांच्या सरकारी कागदांनी. साम्राज्याला तीनशे वर्षांत जे पुरतं साधलं नाही, ते साम्राज्य हाकलून देणाऱ्यांनी तडीस नेलं. या साऱ्या इतिहासातली ही गोष्ट मला सर्वांत बोचते.

या रेट्यातून एक देश वेगळा निघाला. पाराग्वे.

(पडद्यावर राजधानी असुन्सियोनचा रस्ता. फुटपाथवर बसलेली माणसं एकाच भांड्यातून आळीपाळीनं तेरेरे पिताहेत.)

दुपारच्या उन्हात हे दृश्य पाराग्वेमध्ये कुठेही दिसतं. येर्बा माते नावाच्या वनस्पतीची पानं, वर बर्फगार पाणी, धातूची नळी, आणि भांडं एका हातातून दुसऱ्या हातात. गप्पा ऐका. वाक्य स्पॅनिशमध्ये सुरू होतं, मध्येच ग्वारानी या तिथल्या मूलनिवासी भाषेत शिरतं, क्रियापद एका भाषेचं आणि प्रत्यय दुसरीचा. या मिश्र बोलीला तिथे ‘होपारा’ म्हणतात. बोलणारे मूलनिवासी जमातींचे असतील असं समजू नका. यांतले बहुतेक जण स्वतःला मूलनिवासी म्हणवत नाहीत. अमेरिका खंडात एका मूलनिवासी भाषेला बहुसंख्य समाजानं, जातवंशाच्या पलीकडे जाऊन, असं आपलंसं केलेलं दुसरीकडे दिसत नाही.

हे कसं झालं? १५३७ साली असुन्सियोन वसलं तेव्हा तिथे आलेले स्पॅनिश पुरुष मूठभर होते. त्यांनी ग्वारानी स्त्रियांशी संसार केले. पुढची पिढी आईच्या भाषेत वाढली. सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी आपल्या वसाहतींमध्ये सगळा व्यवहार ग्वारानीत चालवला. आंतोनियो रुईस दे मोंतोया यानं केलेला ग्वारानीचा मोठा शब्दकोश १६३९ साली माद्रिदमध्ये छापला गेला. त्यातच हा देश समुद्रापासून तुटलेला. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं तो जगापासून दूरच राहिला.

मग १८६४ ते १८७० या काळात ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे या तिघांशी झालेलं युद्ध. पाराग्वेचे पुरुष इतक्या मोठ्या प्रमाणावर मारले गेले की देश जवळजवळ बायकांनीच पुन्हा उभा केला. आघाडीवरच्या सैनिकांसाठी ग्वारानीत वर्तमानपत्रं निघत होती. युद्ध हरल्यावर मात्र शाळांची दारं ग्वारानीला बंद झाली. वर्गात ती बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत. १९३२ साली बोलिव्हियाशी चाको युद्ध पेटलं, आणि शत्रूला संदेश कळू नयेत म्हणून सैन्यानं पुन्हा तिचाच आधार घेतला. शाळेत नको असलेली भाषा रणांगणावर चालली!

कायद्यानं तिची दखल घ्यायला वेळ लावला. १९६७ च्या घटनेत ग्वारानीला ‘राष्ट्रीय भाषा’ म्हटलं, पण सरकारी कामकाजाची भाषा एकटी स्पॅनिश राहिली. १९८९ साली स्ट्रोएसनरची हुकूमशाही कोसळली, आणि १९९२ च्या नव्या घटनेनं दोघींना राजभाषा केलं. मुलाचं शिक्षण मातृभाषेतून सुरू व्हावं, हेही त्यात आलं.

(पडद्यावर पाराग्वेची नोट, जवळून.)

ही नोट पाहा. चलनाचं नावच ग्वारानी. रक्कम स्पॅनिशमध्ये आहे आणि ग्वारानीतही. आता कुणी म्हणेल, कोर्टाचे कागद अजूनही बहुतांशी स्पॅनिशमध्येच निघतात. ते खरं आहे, आणि पाराग्वेमध्ये त्यावर वाद चालूच असतात. पण ज्या भाषेसाठी छडी खावी लागली, तिच्यात मूल अक्षर गिरवतं, ही साधी गोष्ट नाही.

शेजारचा बोलिव्हिया आकड्यानं सगळ्यांच्या पुढे गेला. २००९ च्या घटनेत स्पॅनिशसोबत ३६ मूलनिवासी भाषांना राजभाषा म्हणून स्थान मिळालं. केचुआ आणि आयमारा बोलणारे लाखोंनी आहेत. पण याच यादीत पुकिनाही आहे, आणि ती बोलणारं आता कुणी उरलेलं नाही. लुप्त झालेल्या भाषेला राजभाषा करण्यात काय अर्थ, असं काहींना वाटेल. मला ती नोंद आवडते. निदान तिचं नाव देशाच्या घटनेत राहिलं.

आता पॅसिफिक ओलांडून फिलिपिन्स. स्पेननं इथे तीनशेहून अधिक वर्षं राज्य केलं, तरी आज हा देश आपल्या नकाशात रंगलेला नाही. स्पॅनिश इथे शिकलेल्या थोड्या लोकांचीच राहिली. तिथले लेखक आणि राष्ट्रनायक होसे रिसाल यांनी स्पॅनिश सत्तेवर घणाघात केला तोही स्पॅनिशमध्येच. १८९८ मध्ये अमेरिका आली, तिनं इंग्रजी शाळा काढल्या, आणि पाऊण शतकात स्पॅनिशचा पाया सरकला. १९८७ च्या घटनेनं तिला राजभाषांतून वगळलं. ज्याला शिकायची त्यानं स्वेच्छेनं शिकावी, अशी तरतूद ठेवली. तरी टागालोगमधले वार अजून लुनेस, मार्तेस असेच मोजतात, आणि झांबोआंगा शहरात स्पॅनिशपासून घडलेली चाबाकानो ही बोली घराघरांत आहे.

(पडद्यावर गिनीचं आखात. बिओको बेटावर ढगांत बुडालेलं शिखर.)

आणि आता तो आफ्रिकेतला ठिपका. इक्वेटोरियल गिनी. नावात विषुववृत्त आहे, पण ते या देशाच्या जमिनीवरून जात नाही. मुख्य भूभाग आणि बिओको बेट उत्तरेला राहतात, आणि आन्नोबोन हे इवलंसं बेट दक्षिणेला.

१४९४ च्या तहात स्पेन आणि पोर्तुगालनं जग वाटून घेतलं होतं. पूर्वेची बाजू पोर्तुगालकडे गेली. आपल्या गोव्यात पोर्तुगीज आले ते त्याच बाजूनं. हा किनाराही पोर्तुगालच्याच वाट्याचा. पण १७७७-७८ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या सीमांची तडजोड करताना पोर्तुगालनं ही बेटं स्पेनला देऊन टाकली. गुलामांच्या व्यापारासाठी स्पेनला आफ्रिकेत स्वतःचं ठाणं हवं होतं. बिओकोवर राहणाऱ्या बुबी लोकांना अर्थातच कुणी विचारलं नाही.

१२ ऑक्टोबर १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. पहिले राष्ट्राध्यक्ष फ्रान्सिस्को मासियास न्गेमा यांनी देशाचा तुरुंग करून टाकला. शिकलेली माणसं मारली गेली, हजारो लोक शेजारच्या देशांत पळाले. त्यांनी राजधानी सांता इसाबेलचं नाव मालाबो केलं, बेटाला स्वतःचं नाव दिलं, स्पॅनिशला सार्वजनिक जीवनातून मागे रेटलं. १९७९ साली पुतण्या तेओदोरो ओबियांग यांनी त्यांना उलथवलं. खटला मालाबोतल्या एका सिनेमागृहात चालला आणि मासियास यांना देहदंड झाला. स्पॅनिश परत आली. ओबियांग अजूनही सत्तेवर आहेत.

पण स्पॅनिश आता एकटी नाही. कॅमेरून आणि गॅबन हे शेजारी फ्रेंच भाषक. १९८५ साली देशानं त्यांचंच सीएफए फ्रँक हे चलन स्वीकारलं, आणि १९९८ मध्ये फ्रेंच ही दुसरी राजभाषा झाली. नंतर पोर्तुगीज तिसरी झाली, आणि २०१४ साली देश पोर्तुगीज भाषक राष्ट्रांच्या संघटनेत दाखल झाला. पोर्तुगीजपासून घडलेली भाषा बोलतात फक्त आन्नोबोनचे लोक, आणि ते अगदी थोडे आहेत.

मालाबोतल्या एखाद्या मुलाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. घरात आजी बुबीत किंवा मुख्य भूभागावरच्या फांग भाषेत बोलते. शाळेत फळ्यावर स्पॅनिश. आणि बाजारात पिची. १८२७ नंतर इंग्रजांच्या तळाबरोबर सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनकडून लोक आले, त्यांच्या बोलीतून ही भाषा रुजली. मासळीचा भाव, टॅक्सीचं भाडं, मित्राची चेष्टा, सगळं तिच्यात.

२०१६ साली इक्वेटोरियल गिनीच्या स्पॅनिश अकादमीला जगभरातल्या स्पॅनिश अकादमींच्या संघटनेत जागा मिळाली. फांग, बुबी यांसारख्या देशी भाषा राष्ट्रीय संस्कृतीचा भाग आहेत, असं घटनेत लिहिलं आहे. पिचीला मात्र कसलाही सरकारी दर्जा नाही. मला विचाराल तर मालाबोत स्पॅनिशखालोखाल तिचाच मान असायला हवा, कारण फ्रेंच आणि पोर्तुगीज जिथे कागदावर आहेत, तिथे ती रोज माणसांच्या तोंडी आहे.