माती आधी, हिरवळ नंतर

नमस्कार श्रोतेहो. बागकामाचा छोटा धंदा सुरू करायचा तर भांडवल किती लागतं, असं बरेच जण विचारतात. कुदळ, घमेलं, खुरपं, कात्री, पाण्याचा पाइप आणि हाताखाली एक जाणता माळी, एवढ्यावर सुरुवात होते. गवत कापायचं मशीन आधी भाड्यानं आणा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. रोपं पुण्याकडच्या मंडळींनी उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांत स्वतः जाऊन, मुळं बघून आणावीत. फोटो बघून रोप घेणं आणि फोटो बघून लग्न ठरवणं, दोन्हीत धोका सारखाच.

पण या धंद्यात मी शिकलो ते एका फजितीतून, आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझं पहिलं मोठं काम. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई, बंगल्यापुढं 1200 चौरस फूट अंगण. नातवाची मुंज 25 दिवसांवर. "अरे, मुंजीला मांडव नको, हिरवळ हवी," म्हणाल्या. मी हिशेब केला : चार इंच मातीचा थर म्हणजे 400 घनफूट, म्हणजेच 4 ब्रास. बरोबर. चुकलं ते पुढं. कालव्याकाठच्या एका शेतातली पोयटा माती निम्म्या भावात मिळत होती. मी लगेच उचलली.

माती उतरली तेव्हा आमच्या मामांनी, म्हणजे माळीमामांनी, एक ढेकूळ फोडलं. आत काळ्या मण्यांसारख्या गाठी. एक नखानं चिरून त्यांनी नाकाशी धरली.

"भाऊ, हिला उटण्याचा वास येतोय."

मी म्हटलं, "मग चांगलंच की, मामा! पसरा."

मामा काही बोलले नाहीत. पंचा झटकला आणि माती पसरायला लागले. गवताच्या लाद्या अंथरल्या, रोलर फिरवला, सकाळ-संध्याकाळ पाणी. मुंज झकास झाली. पाहुण्यांनी फोटो काढले, मी दोन ठिकाणी नंबर दिला.

मुंजीनंतर आठवड्यानं बाईंचा फोन. "येऊन बघ जरा." गेलो. हिरवळीतून सुया टोचाव्यात तसे ताठ, चकचकीत कोंब वर आलेले. लव्हाळा! मी वाकून उपटायला लागलो. पात हातात यायची, गाठ खाली राहायची. आठवड्यानं बघावं तर आधीपेक्षा जास्त. पुरात झाडं जातात पण लव्हाळे वाचतात असं आपण म्हणतो ना, मी म्हणतो पुराचं सोडा, माझ्या खुरप्यातूनसुद्धा वाचतात.

बाई पायरीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "दिवाळीला उटणं विकत आणायला नको, नाही का रे?"

मामांनी नाकाशी धरली होती ती ह्याचीच गाठ. उटण्यात घालतात त्या नागरमोथ्याच्या जातकुळीतला ना तो, वास येणारच. सगळं उकरलं. माती चाळली, लाद्या नव्या आणल्या. 28 हजारांच्या त्या कामात नफा धरला होता 6 हजार, आणि दुरुस्तीला गेले 11.

तेव्हापासून मी माती पसरतो, भिजवतो आणि 15 दिवस थांबतो. जे तण उगवायचं ते उगवू द्यायचं, गाठीसकट खणून काढायचं, मगच लाद्या. पुन्हा सांगतो : माती पसरा, भिजवा, थांबा. मगच हिरवळ. अंदाजपत्रकातही तशी वेगळी ओळ लिहितो. "पंधरा दिवस तुम्ही करणार काय?" असं गिऱ्हाईक विचारतंच. मी म्हणतो, तुमच्याकडे चहा प्यायला येणार.

अलीकडे या कटकटीला कंटाळून लोक प्लॅस्टिकचं गवत अंथरतात. एप्रिलात दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून बघा, मग माझ्याशी बोला. सोसायटीच्या फाटकावर दोन पाम उभे करून त्याला बाग म्हणणं हेही मला पटत नाही. तगर लावा, कुंद लावा, सकाळी पूजेला चार फुलं तरी मिळतील.

असो. पैशांचं थोडक्यात. दर सांगताना वाहतूक, हमाली आणि मरणारी रोपं धरा. दहातलं एखादं मरतंच असं मी धरतो. अर्धी रक्कम आधी घ्या. देखभालीचा महिन्याचा करार वेगळा लिहा, कारण बाग करून पैसा एकदा येतो, राखून दर महिन्याला येतो. सोसायटीचं काम असेल तर सही एकाच माणसाची घ्या, नाहीतर एक जण जास्वंद लावायला सांगतो, दुसरा काढायला.

बाईंच्या अंगणाची देखभाल अजून माझ्याकडेच आहे. पावसाळ्यात कुंपणाच्या कडेनं दोन-चार पाती अजूनही डोकं काढतात. मी दिसलो की बाई चष्मा वर करतात आणि तिकडं बोट दाखवतात. मामा तोवर खुरपं घेऊन बसलेले असतात.