हातभर सोडून

[सकाळ. बेळगावजवळचा येळ्ळूर–वडगाव रस्ता. धुक्यातनं येणाऱ्या सायकली.]

मागं राजहंसगड, दोन्ही अंगाला कापणी झालेली भाताची शेतं. सकाळी या रस्त्यावर शाळेची पोरं आणि उद्यमबागेतल्या कारखान्यांत ड्युटीला जाणारी माणसं एकदमच निघतात. पोरांना घरातनं निघताना एकच सूचना असते, "कडंकडंनं जा."

आईचं सांगणं मोडा असं कोण म्हणेल? पण कॅमेरा जरा खाली नेऊ.

[डांबराची कड, अगदी जवळून.]

ही ती कड. इथं डांबर संपतं आणि चार बोटं खाली माती लागते. बारीक खडी, ट्रॉलीतनं पडलेलं उसाचं कांडं, बाटलीच्या काचा. चाक एकदा खाली उतरलं की वर चढवायला हँडल वळवावं लागतं, आणि सायकल जाते ती नेमकी मागच्या गाडीपुढं. ताशी 40 किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात 11 मीटर पुढं सरकते. ब्रेकवर पाय जाईस्तोवर तेवढं अंतर संपलेलं असतं.

म्हणून हातभर आत आणि सरळ. पुढं खड्डा दिसला तर आधीच मागं वळून बघायचं, हात दाखवायचा, मग बाजू बदलायची. मागचा हॉर्न मारेल. मारू दे, हॉर्न मारतोय म्हणजे त्याला तुम्ही दिसलाय.

[खडेबाजार. उभ्या गाड्यांची रांग.]

इथं मात्र हातभर पुरत नाही. उभ्या गाडीचं दार मीटरभर उघडतं, आणि आतला माणूस आरशात बघून उघडेल याची खात्री नाही.

[वडगाव. सायकल दुकान. शेजारून विणकराच्या मागाचा आवाज.]

या दुकानात आम्ही तासभर बसायचं ठरवलं होतं, अर्धा दिवस गेला. नववीतली एक मुलगी ब्रेक लागत नाही म्हणून आली. सायकल थोरल्या बहिणीची, सरकारी. कर्नाटकात आठवीच्या मुलांना सायकली द्यायला 2006-07 साली सुरुवात झाली, त्यातली ही एक. दुकानवाल्या मामांनी आधी ब्रेकला हातच लावला नाही. मागचं चाक उचललं, फिरवलं आणि नुसते बघत बसले.

"रिम डुलायलीय बघ. रबर कसं धरंल?"

मग एकेक तार बोटानं वाजवून बघितली. सैल तार बद्द वाजते, ताणलेली खणकते. चावीनं पाव-पाव आटा देत चाक सरळ केलं. झिजून काचेसारखे गुळगुळीत झालेले ब्रेक रबर काढले, नवे बसवले. रबर रिमलाच टेकलं पाहिजे. टायरला घासलं तर टायर कापतं. शेवटी रिमवर पाणी ओतलं आणि तिलाच ब्रेक दाबायला लावला. चाक थांबेना. "पावसात रबर आधी पाणी पुसतंय, मग धरतंय. म्हणून जरा अगोदरपासनं दाबत यायचं. दोन्ही दाब. नुसता पुढचा कचकन दाबलास तर तोंडावर जाशील."

शाळेत हा तास कधी झाल्याचं मला तरी आठवत नाही.

[टिळकवाडी. दुसरं रेल्वे गेट उघडतं.]

दोन्हीकडची गर्दी पूर्ण रस्ता अडवून उभी असते आणि गेट उघडलं की एकमेकांच्या अंगावर येते. सायकलवाल्याला तिरकं निसटायचा मोह होतो. तिरकं गेलं की चाक रुळाच्या खाचेत बसतं, आणि पावसात रूळ साबणासारखा. रूळ काटकोनात ओलांडायचा, नाहीतर उतरून सायकल हातात घ्यायची. या आजोबांनी तेच केलं. मागचे ओरडले. आजोबांनी वळूनही बघितलं नाही.

[संध्याकाळ. उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या.]

हंगाम सुरू झाला की निपाणीपासून खानापूरपर्यंत ही वरात असते. हे वळण नीट बघा. ट्रॅक्टर वळला, पहिली ट्रॉली वळली. दुसरी पहिलीच्या चाकोरीनं जात नाही, आतनं कापत येते. त्या आतल्या जागेत सायकल असली, तर चालकाला ती दिसतच नाही. दर हंगामात कुणीतरी तिथं सापडतं. ट्रॅक्टर वळताना दिसला की मागंच थांबायचं.

मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टरही नाही. तो लावायचा कुणी, हे विचारलं की सगळे दुसऱ्याकडं बोट दाखवतात.

[अंधार. येळ्ळूर रस्ता. दूर एक तांबडा ठिपका.]

गणवेश निळा, काळोखात दिसत नाही. दिसतोय तो हा ठिपका, कडेपासून हातभर आत, सरळ चाललेला. मामांनी हा रिफ्लेक्टर भंगारातल्या एका मडगार्डवरनं काढून नववीतल्या त्या मुलीच्या सायकलला बसवून दिला होता. पैसे घेतले नाहीत.