नदी ओलांडली की परवाना संपतो

(दृश्य: पहाट. फिलाडेल्फिया आणि कॅमडेनला जोडणारा बेन फ्रँकलिन पूल. खाली डेलावेअर नदी.)

नदीच्या अलीकडे पेनसिल्व्हेनिया, पलीकडे न्यू जर्सी. कुणी कामाला, कुणी समुद्रावर, कुणी नातेवाइकांकडे, अशी या पुलावर दिवसभर ये-जा चालू असते. अलीकडचं ड्रायव्हिंग लायसन्स पलीकडे चालतं. अलीकडे लागलेलं लग्न पलीकडेही लग्नच राहतं. पण कमरेला भरलेलं पिस्तूल असेल आणि खिशात फक्त पेनसिल्व्हेनियाचा परवाना असेल, तर पूल उतरेपर्यंत तुमच्या हातून गंभीर गुन्हा घडलेला असतो.

(दृश्य: अटलांटिक सिटीकडे जाणारा महामार्ग, रात्र.)

2013 चा ऑक्टोबर. फिलाडेल्फियातली एक तरुण आई या रस्त्याने चालली होती. दोन मुलं, आणि त्यांना वाढवणारी ती एकटी. तिला दोनदा लुटलं गेलं होतं, म्हणून तिने रीतसर पिस्तूल विकत घेतलं आणि छुपं शस्त्र बाळगण्याचा परवाना काढला. न्यू जर्सीत वाहतुकीच्या किरकोळ कारणावरून पोलिसाने तिची गाडी थांबवली. तिने आपणहून सांगितलं, माझ्याजवळ पिस्तूल आहे, आणि हा माझा परवाना.

पोलिसाने तिला अटक केली.

न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याही राज्याचा शस्त्र परवाना मानत नाही. तेव्हा मानत नव्हतं, आजही मानत नाही. तिथल्या ग्रेव्ह्ज कायद्यानुसार या गुन्ह्याला किमान साडेतीन वर्षं तुरुंगवास. तिच्या पिस्तुलात होलो पॉइंट, म्हणजे शरीरात शिरल्यावर पसरणाऱ्या गोळ्या होत्या, त्याचा आरोप वेगळा. महिन्याहून जास्त काळ ती कोठडीत होती. लपवायचं असतं तर ती गप्प बसली असती. ती खरं बोलली, आणि तिच्याविरुद्धच्या खटल्याची सुरुवात तिथूनच झाली. ही गोष्ट वाचली तेव्हापासून मला ती विसरता आलेली नाही.

पुढे गवगवा झाला. सप्टेंबर 2014 मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलने सरकारी वकिलांना सूचना दिल्या, की बाहेरच्या राज्याचा वैध परवाना असलेला माणूस अजाणता चुकला असेल तर त्याला तुरुंगाऐवजी सुधारणेची संधी देण्याचा विचार करा. एप्रिल 2015 मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. माफी एकटीला मिळाली. कायदा होता तसाच राहिला.

(दृश्य: अमेरिकेचा नकाशा. राज्यं एकेक करून रंगत जातात.)

एका देशात असं का व्हावं? कारण अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचे नियम मुख्यतः राज्यं ठरवतात. व्हर्माँटने असा परवाना कधी मागितलाच नाही. न्यू यॉर्कने मात्र 1911 च्या सलिव्हन कायद्याने परवाना सक्तीचा केला, आणि पुढे छुप्या पिस्तुलासाठी 'योग्य कारण' दाखवण्याची अट आली. ही अट 23 जून 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी रद्द केली. निकालपत्र न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांचं. मधल्या काळात फ्लोरिडाने 1987 मध्ये, अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना द्यायलाच हवा, असा कायदा केला आणि पुष्कळ राज्यं त्या वाटेने गेली. 2024 पर्यंत तर 29 राज्यांत छुपं पिस्तूल बाळगायला परवान्याचीच गरज उरली नाही.

एका राज्याने दुसऱ्याचा परवाना मानायचा, याला रेसिप्रॉसिटी म्हणतात, परस्पर मान्यता. शब्द सोपा आहे, व्यवहार अजिबात सोपा नाही. कोलोरॅडो दुसऱ्या राज्याचा परवाना मानतं, पण तो त्या राज्याच्या रहिवाशालाच दिलेला असेल तर. युटा आणि फ्लोरिडा बाहेरच्यांनाही परवाने देतात, त्यामुळे काही जण दोन-दोन, तीन-तीन कार्डं बाळगतात. आणि व्हर्माँट परवानाच देत नाही, म्हणून घरी मोकळेपणाने पिस्तूल बाळगणाऱ्या तिथल्या माणसाकडे बाहेर पडताना दाखवायला आपल्या राज्याचं काहीच नसतं.

बरं, एकदा नकाशा पाठ केला म्हणून भागत नाही. डिसेंबर 2015 मध्ये व्हर्जिनियाच्या ॲटर्नी जनरलने 25 राज्यांच्या परवान्यांची मान्यता काढून घेत असल्याचं जाहीर केलं. महिनाभरात राजकीय तडजोड झाली आणि निर्णय फिरला. त्या महिन्यात प्रवासाचा बेत आखणाऱ्याने काय समजायचं?

(दृश्य: टेक्सासमधल्या दुकानाचं दार, त्यावरची पाटी.)

मान्यता मिळाली तरी नियम मात्र यजमान राज्याचेच. टेक्सासमध्ये दुकानदाराला परवानाधारकाचं छुपं शस्त्र आत नको असेल, तर त्याने इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत पाटी लावायची. बारच्या दारावर लाल 51 दिसला, म्हणजे तिथली निम्म्याहून जास्त कमाई जागेवर प्यायल्या जाणाऱ्या दारूची. आत पिस्तूल न्यायचं नाही. मिशिगनमध्ये पोलिसाने थांबवलं तर पिस्तूल आहे हे लगेच स्वतःहून सांगायचं. सगळीकडे तसं बंधन नाही. त्यात शाळेपासून 1000 फुटांच्या आत बंदूक बाळगायला मनाई करणारा केंद्राचा वेगळा कायदा. त्यातून सूट मिळते ती शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याने दिलेल्या परवान्याला.

(दृश्य: न्यूअर्क विमानतळ, न्यू जर्सी.)

1986 च्या केंद्रीय कायद्याने प्रवाशाला एक आधार दिला. निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या ठिकाणी शस्त्र बाळगणं कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यातून ते नेता येतं. अट अशी, की शस्त्र रिकामं हवं आणि शस्त्र किंवा गोळ्या सहज हाताशी येता कामा नयेत. डिकी वेगळी नसलेल्या गाडीत कुलूपबंद पेटी हवी.

2005 मध्ये युटाचा एक प्रवासी पेनसिल्व्हेनियाला चालला होता. पिस्तूल कुलूपबंद, चेक-इन सामानात. न्यूअर्कला पुढचं विमान चुकलं, सामान त्याच्या हाती आलं, रात्र हॉटेलात गेली. सकाळी काउंटरवर त्याने नियमाप्रमाणे पिस्तुलाची माहिती दिली आणि त्याला अटक झाली. आरोप मागे घेतले गेले, पण या अटकेविरुद्ध त्याने केलेला दावा 2010 मध्ये अपील न्यायालयाने फेटाळला. कारण हॉटेलात सामान त्याच्या हाताशी होतं. स्वतःची चूक नसताना तो अडचणीत आला, हे न्यायालयानेही मान्य केलं.

(दृश्य: वॉशिंग्टन, संसदेची इमारत.)

सगळ्या राज्यांना एकमेकांचे परवाने मानायला लावणारं विधेयक 6 डिसेंबर 2017 रोजी प्रतिनिधिगृहात 231 विरुद्ध 198 मतांनी मंजूर झालं. सेनेटमध्ये अडलं. 2025 मध्ये ते पुन्हा मांडलं गेलं. मला ते पटत नाही. प्रशिक्षणाची अट घालणाऱ्या राज्याने ती अट नसलेल्या राज्याचा परवाना डोळे मिटून का घ्यावा? न्यू जर्सीला आपले नियम कडक ठेवण्याचा हक्क आहे. पण ज्याच्या मनात गुन्हा नाही, जो स्वतः परवाना काढून दाखवतो, त्याला दरोडेखोराच्या रांगेत बसवण्याचा हक्क कुठल्याच राज्याला असू नये. दंड करा, शस्त्र जप्त करा. साडेतीन वर्षं आईला मुलांपासून तोडू नका.

(दृश्य: एडिसन, न्यू जर्सी. ओक ट्री रोडवरची दुकानं.)

इथे आपली मराठी माणसंही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. ग्रीन कार्डधारकाला केंद्राचा कायदा शस्त्र बाळगण्यापासून केवळ त्या दर्जामुळे अडवत नाही. एच-1बी व्हिसावर आलेल्याला मात्र साधारणपणे बंदुकीचा ताबाच मना आहे. सुट्टीत मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर गेलात आणि तासाभरासाठी पिस्तूल भाड्याने घेतलंत, तरी तो ताबाच. काही मोजके अपवाद आहेत. नेहमीचा म्हणजे कुठल्याही राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स. ते नसेल तर मित्रांचा नेम बघा, पिस्तूल हातात घेऊ नका.