पालेर्मोच्या वहीतले एक पान

श्रोतेहो, नमस्कार. एका चित्रकाराने दुसऱ्या चित्रकाराचे शाईने झटपट टिपलेले व्यक्तिचित्र, हा आजचा विषय आहे. शाईची रेघ खोडता येत नाही, म्हणून तैलचित्रापेक्षा अशा रेखाटनावर माझा अधिक विश्वास आहे.

१२ जुलै १६२४ रोजी अँथनी व्हॅन डाइक हा पंचविशीतला फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातला, चित्रकार सिसिलीतील पालेर्मो शहरात सोफोनिस्बा अँग्विसोला या वृद्ध चित्रकर्तीला भेटला. एके काळी स्पेनच्या दरबारात, दुसऱ्या फिलिपच्या राणीला चित्रकला शिकवणाऱ्या या बाईंना आता फारच अंधूक दिसत होते. व्हॅन डाइकने आपल्या वहीत त्यांची बसलेली आकृती तपकिरी शाईत टिपली आणि त्याच पानावर इटालियनमध्ये टिपण लिहिले. वय त्याने ९६ नोंदवले आहे. अभ्यासकांच्या हिशेबाने ते ९२ च्या आसपास भरते. स्मरण आणि बुद्धी तल्लख, वागणे अत्यंत अगत्याचे, असे तो लिहितो. समोर चित्रे ठेवली, की बाई नाक अगदी चित्राला भिडवून मोठ्या कष्टाने थोडेफार ओळखत, आणि तेवढ्यानेही त्यांना फार आनंद होई.

आणि चित्र काढून घेता घेता त्यांनी या तरुणाला बजावले, की उजेड फार उंचावरून घेऊ नये, नाहीतर सुरकुत्यांमधल्या सावल्या फार मोठ्या होतील. पुन्हा सांगतो: उजेड फार उंचावरून नको. डोक्यावरच्या दिव्याखाली आरशात चेहरा कसा ओढलेला दिसतो, हे आपण सर्वच जाणतो. बाईंना मात्र तो आरसाही धड दिसत नसावा, तरी आपल्या चेहऱ्यावर सावली कुठे पडेल हे त्या अचूक जाणत होत्या. दृष्टीअभावी चित्र काढता येत नाही हेच त्यांचे सर्वांत मोठे दुःख होते, पण हात अजून स्थिर होता, त्याला जराही कंप नव्हता, हेही व्हॅन डाइकने नोंदवले आहे.

रेखाटनाखाली तारीख आणि ठिकाण न लिहिणारे चित्रकार पुढच्या पिढ्यांवर अन्याय करतात, असे माझे ठाम मत आहे. त्याच उन्हाळ्यात पालेर्मोत प्लेग पसरला, ज्या व्हाइसरॉयचे चित्र काढायला व्हॅन डाइक आला होता तो त्यात दगावला, आणि १६२५ च्या नोव्हेंबरात सोफोनिस्बाही गेल्या. ती वही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते पान पाहाल तेव्हा आधी टिपणाचा अनुवाद वाचा आणि मगच चेहऱ्याकडे वळा.