आधी जागेची नोंद, मग खुरपं

जमिनीतला धातू शोधणारा मेटल डिटेक्टर वाजला की हात लगेच खुरप्याकडे जातो, आणि आज मला त्या एका क्षणाबद्दलच बोलायचंय, कारण रणांगणावरची वस्तू जागा न नोंदवता उपटली की तिच्यातली बरीचशी माहिती तिथेच संपते, मग घरी आणून कितीही चकचकीत करा.

अमेरिकेत मोंटानामध्ये लिटल बिगहॉर्न नदी आहे. 25 जून 1876 ला तिथे लाकोटा, शायान आणि अरापाहो ह्या तिथल्या मूळ जमातींच्या योद्ध्यांनी अमेरिकी सैन्यातल्या कस्टर नावाच्या अधिकाऱ्याच्या घोडदळाचा धुव्वा उडवला. कस्टरच्या तुकडीतलं कुणीच वाचलं नाही, त्यामुळे पुढे शंभर वर्षं गोष्ट चालली ती टेकडीवर शेवटच्या माणसापर्यंत शर्थीने लढल्याची. जिंकणारे वेगळं सांगत होते, पण त्यांचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही, आणि ह्याचा मला खरंच राग येतो.

1983 ला तिथलं गवत जळालं, जमीन उघडी पडली. 1984 मध्ये डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स ह्या पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टरवाले हौशी लोक सोबत घेऊन मैदान पिंजून काढलं. रांगेत चालायचं, आवाज आला की फक्त झेंडी रोवायची आणि पुढे जायचं, मागचे लोक हलक्या हाताने माती बाजूला करणार पण वस्तू हलवणार नाहीत, मग मोजणीवाले जागा, खोली, गोळीचं तोंड कुठल्या दिशेला ते सगळं लिहिणार, आणि त्यानंतरच वस्तू पिशवीत.

मग पुंगळ्या, म्हणजे गोळी झाडल्यावर मागे उरणारी नळकांडी, मायक्रोस्कोपखाली गेल्या. प्रत्येक बंदुकीची फायरिंग पिन, म्हणजे गोळी उडवायला बुडावर आपटणारी पिन, पुंगळीच्या बुडावर स्वतःचा ठसा सोडते, म्हणून सारख्या ठशाच्या पुंगळ्या नकाशावर जोडत गेलं की एकेक बंदूक कुठून कुठे गेली ते दिसायला लागतं! योद्ध्यांकडे हेन्री, विंचेस्टरसारख्या भराभर झाडणाऱ्या रायफली भरपूर होत्या, सैनिकांकडे मात्र दरवेळी एकच गोळी भरायची स्प्रिंगफिल्ड कार्बाइन. पुंगळ्या कुठे पडल्यात त्यावरून फॉक्स यांनी मांडलं की सैनिकांची फळी मोडली, घबराट झाली, लोक घोळक्याने मारले गेले. योद्धे हेच तर सांगत होते.

आता सफाई. त्या पुंगळीचं बूड कुणी तारेच्या ब्रशने घासलं असतं तर ठसा गेलाच असता, म्हणून तांब्या-पितळेला ब्रश, लिंबू, चिंच काहीही लावू नका. लोखंडात मातीतली क्लोराइडं, म्हणजे गंज वाढवणारे क्षार, शिरलेली असतात, नुसता गंज खरवडून तेल चोपडलं तर पुढे पापुद्रे सुटतात. कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात ठेवायचं, द्रावण बदलत राहायचं, ह्यात महिनेसुद्धा जातात, मग धुऊन पूर्ण सुकवून टॅनिक अ‍ॅसिड आणि वर मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स ह्या मेणाचा थर. इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे द्रावणातून वीज सोडून गंज काढणं, करणाऱ्यांनी अ‍ॅनोडला (विजेच्या धन टोकाला जोडायच्या पट्टीला) स्टेनलेस स्टील अजिबात वापरू नये, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. शिशाच्या गोळ्या लाकडी पेटीत नको, लाकडाच्या आम्ल वाफेने त्यांची पांढरी भुकटी होते. आणि न फुटलेला तोफगोळा असेल तर हात न लावता लांब व्हा, पोलिसांना फोन करा. बेल्जियम-फ्रान्समध्ये नांगरताना पहिल्या महायुद्धातले जिवंत गोळे आजही निघतात.

आपल्या गडांवर डिटेक्टर न्यायचा कुणाच्या मनात असेल तर, संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे, आणि 1878 च्या निखात निधी कायद्याने जमिनीत दडलेली 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावं लागतं. पावसाने माती वाहून एखादी गोळी उघडी पडलेली दिसली तर ती तिथेच राहू द्या, मोबाइलवर फोटो आणि लोकेशन घ्या आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.