दुसऱ्या हातातली अंगठी

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये 'नॅशव्हिल पॅलेस' नावाचा एक क्लब आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या स्वयंपाकघरात एक तरुण कॅटफिश तळायचा, भांडी घासायचा आणि मधेच हात पुसून स्टेजवर गाऊन यायचा. हाच नॉर्थ कॅरोलायनाचा रँडी ट्रॅव्हिस. रेकॉर्ड कंपन्या त्याला परत पाठवत होत्या. का? तर आवाज फारच गावरान! कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागात रुजलेल्या संगीतावर तेव्हा पॉपची झिलई चढली होती. थोडक्यात, कंट्री गायक नको, कारण तो कंट्री गातो.

अखेर वॉर्नर ब्रदर्स या रेकॉर्ड कंपनीनं त्याला घेतलं. १९८५ मध्ये 'ऑन द अदर हँड' हे गाणं आलं आणि बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-मासिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत ६७व्या क्रमांकावर अडकलं. पुढचं गाणं मात्र ६व्या क्रमांकापर्यंत गेलं. मग कंपनीनं एक धाडस केलं. पडलेलं गाणं १९८६ मध्ये जसंच्या तसं पुन्हा बाजारात आणलं. सूर तोच, शब्द तेच. आणि या वेळी ते थेट पहिल्या क्रमांकावर! त्याच वर्षी आलेल्या 'स्टॉर्म्स ऑफ लाइफ' या त्याच्या पहिल्या स्टुडिओ अल्बममध्ये ते आहे.

पॉल ओव्हरस्ट्रीट आणि डॉन श्लिट्झ या दोघांनी ते लिहिलं. सगळी गंमत शीर्षकात आहे. इंग्रजीत 'ऑन द अदर हँड' म्हणजे 'दुसरीकडे पाहता'. शब्दशः मात्र 'दुसऱ्या हातावर'. गाण्यातला पुरुष परस्त्रीजवळ उभा आहे. तिच्याजवळच राहावं, याची कारणं तो एका हातावर मोजतो. आणि दुसऱ्या हातात? लग्नाची सोन्याची अंगठी.

मी याचा मराठीत अनुवाद करून पाहिला आणि हात टेकले. आपल्याकडे 'दुसरीकडे' म्हटलं, की गडी नेमका उलट्या दिशेला निघायचा!

मला भावतं ते हे, की हा माणूस साधूचा आव आणत नाही. मोह झालाय हे तो कबूल करतो, त्या बाईला दोषही देत नाही. हे सगळं आवाज न चढवता. फिडल, म्हणजे व्हायोलिन, आणि स्टील गिटार मागे संथ वाहत राहतात आणि ओळ संपता संपता रँडीचा आवाज अलगद खर्जात उतरतो. कंपन्यांना नको होता, तो हाच आवाज.

ऐकू या.